शेवटचा शब्द एकटा हवा

आपल्या भाषेतलं ते जुनं प्रेमनाटक इंग्रजीत आणायला बाईंना तीन वर्षं लागली. बाई कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. नाटकात शेजारशेजारच्या घरांतली दोघं रुसून तीन अंक एकमेकांशी बोलत नाहीत. शेवटी तो बॅग उचलून निघतो आणि ती एकच शब्द बोलते, ‘थांब’. पडदा. त्या एका शब्दावर बाईंनी चार महिने घातले होते.

कच्च्या खर्ड्यात शब्द ठरत नव्हता तिथे त्यांनी तिरप्या रेघा मारून तीन-तीन, चार-चार पर्याय लिहून ठेवले होते. मग निवड करून पक्की प्रत केली. दोन्ही फाइली हौशी नाट्यमंडळाच्या दिग्दर्शकाला पाठवल्या, खर्ड्याची आधी गेली. त्याने आधी आलेली उघडली, छापली, वाटली. दुसरी उघडायचे कष्ट कशाला, नाटक तर तेच.

बाई तालमीला गेल्या तेव्हा प्रयोगाला नऊ दिवस उरले होते. नायक म्हणजे पन्नाशीचा एक दातांचा डॉक्टर, पोट आत ओढून उभा. तो बंद खिडकीकडे बघून स्वतःशी म्हणत होता, “माय डिअर, माय डार्लिंग, माय बिलव्हेड.” प्रत्येक शब्दाला वेगळा हातवारा. बाईंना वाटलं, चेष्टा चाललीय. मग नायिकेच्या बापाने चहासुद्धा तीन प्रकारे मागितला, तेव्हा त्यांनी त्याच्या हातातली प्रत ओढून बघितली. तो कच्चा खर्डा होता, तिरप्या रेघांसकट.

यातला एकच घ्यायचा असतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. डॉक्टर दुखावला. म्हणाला, सहा आठवडे घासून पाठ केलंय, आता मधला एक उपटला तर शेजारचेही हलायला लागतील. दिग्दर्शकाचं म्हणणं वेगळं होतं. प्रेक्षकांचं इंग्रजी बेताचं, तिनातला एखादा तरी लागेल. शिवाय यात एक शैली आहे.

“शैली नाही हो, ती माझी अडचण आहे,” बाई म्हणाल्या.

“तीच तर रंगतेय, बाई.”

बाईंनी मग उरलेलं नाटक सोडून दिलं. शेवटचा शब्द मात्र एकटा हवा, ‘स्टे’. तेवढं जमणार नसेल तर प्रयोगानंतर माझं नाव घ्यायचं नाही आणि मला उभं करायचं नाही. दिग्दर्शकाने त्यांचा हात आपल्या दोन्ही दमट हातांत घेतला आणि माझ्यावर सोडा म्हणाला. नायिका त्याची बायको, तिला सगळे वहिनी म्हणत. एका शब्दात माझा चेहरा दिसणार तरी किती, एवढंच तिने विचारलं.

प्रयोगाला बाई नवऱ्याबरोबर तिसऱ्या रांगेत बसल्या. दोन तास त्या स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या. अखेर डॉक्टरने बॅग उचलली. वहिनींनी त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “स्टे.”

एकटा. हळू. जसा हवा तसा. बाईंचे डोळे भरून आले. नाट्यगृह इतकं शांत झालं, की टाळी वाजत नाही हे वहिनींच्या लक्षात आलं.

“वेट,” त्या म्हणाल्या. “स्टॉप. होल्ड ऑन.”

डॉक्टर प्रत्येक शब्दाला ब्रेक लागल्यासारखा थबकला आणि चौथ्याला बॅग पायावर पाडून घेतली. नाट्यगृह हशा-टाळ्यांनी दणाणलं. लोक उभे राहिले.

दिग्दर्शक पुढे आला आणि तिसऱ्या रांगेकडे हात करून, हे सगळं जसंच्या तसं इंग्रजीत उतरवणाऱ्या बाईंचं नाव त्याने तिरप्या रेघेशिवाय घेतलं.

“मी उठणार नाही,” बाई नवऱ्याला म्हणाल्या.

“नको उठूस.”

पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत वळली. “ते शेवटचे चार शब्द. सुचतं कसं हो तुम्हाला?”

बाई उठल्या आणि थोडं वाकल्या. ओकारीच्या आधी सुटतं तसं तोंडाला पाणी सुटलं होतं. टाळ्या थांबेनात. त्यांनी ते गिळलं आणि पुन्हा वाकल्या, या खेपेला जरा जास्त.