तय्यबची मागची भट्टी

सुंदराबाईने लादीतला एक पाव तोडला आणि नाकाशी नेला, तेव्हा तय्यबने लाद्या बांधायचं सोडून तिच्याकडे पाहिलं.

महाडच्या एसटी स्टँडसमोर सुंदराबाईचं चहा-मिसळीचं हाटेल होतं. तय्यबच्या वडलांनी बेकरी काढली, तेव्हापासून तिच्या हाटेलात पाव जायचा तो याच भट्टीतला. इतक्या वर्षांत तिने कधी लादी मोजून घेतली नव्हती, आणि आज ती पाव हुंगत होती.

"काय झालं, सुंदराबाई? शिळा वाटतो काय?"

"तसं नाय हो." तिने नजर चुकवली. "आज निम्म्याच लाद्या द्या. गिऱ्हाईक कमी हाय."

गिऱ्हाईक कमी असायला कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि कोर्टात तारखाही होत्या. तय्यबने निम्म्या लाद्या बांधून दिल्या. त्या आठवड्यात असं पाव हुंगणारं हे पहिलंच गिऱ्हाईक नव्हतं. कापडदुकानवाल्या शेटच्या घरून खारी न्यायला कुणी आलंच नव्हतं. मशिदीजवळच्या करीमचाचांनी तर सरळच विचारलं होतं, "तय्यब, तुझ्या भट्टीत चरबी कसली वापरतोस रे?"

कुणीतरी काहीतरी पसरवलं होतं, एवढं तय्यबला कळून चुकलं.

या सगळ्याचं मूळ मागच्या अंगणातल्या लहान भट्टीत होतं. दोन वर्षांपूर्वी गावाबाहेर कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या मागोमाग मुंबई-पुण्याचे साहेबलोक आले. साहेबांबरोबर त्यांची कुत्री आली. महाडात कुत्रं म्हणजे दारात पडलेलं, उरलीसुरली भाकरी खाणारं जनावर. साहेबांची कुत्री मात्र जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायची. सबनीस नावाच्या साहेबाकडे टायगर नावाचा अल्सेशियन होता. सबनीस एकदा पाव न्यायला आले आणि हसत म्हणाले, "तय्यबभाई, आमच्या टायगरसाठी बिस्किटं कराल का? मुंबईहून मागवतो ती इथे पोचेपर्यंत सादळतात. वाकवली तर वाकतात हो!"

तय्यबला आधी हसू आलं. पण हातात कसब असलं की माणसाला 'जमणार नाही' म्हणणं अवघड जातं. त्याने नाचणी आणि गव्हाचं पीठ घेतलं, बकऱ्याच्या मुंडीचा रस काढून त्यात ते मळलं, थोडी सुकट भाजून कुटून घातली. मीठ, साखर काही घातलं नाही. बोटाएवढी लांबट बिस्किटं पाडली आणि कडक भाजली. पहिलं बिस्कीट त्याने स्वतःच्या मांजरीपुढे टाकलं. पिठाच्या पोत्यांवर राहून उंदीर धरणारी ती मांजर खाण्याच्या बाबतीत भारी चोखंदळ. शिळं दूध तिला चालायचं नाही. तिने बिस्कीट पंजाखाली धरून कडाकडा फोडलं.

माणसांच्या पावाला विटाळ नको म्हणून तय्यबने त्या कामाला अंगणात वेगळी भट्टी घातली. पत्रे वेगळे, फावडं वेगळं, परातही वेगळी. ते काम चांगू बघायचा. चांगू पलीकडच्या बौद्धवाडीतला, तिशीतला, कमी बोलणारा माणूस. गेली कित्येक वर्षं तो या घरचाच झाला होता. ईदला तय्यबची बायको रहिमा त्याचा शिरखुर्मा आधी काढून ठेवायची.

बिस्किटांचं नाव झालं. वसाहतीतल्या दुसऱ्या बंगल्यांतूनही मागणी आली. मग एक दिवस पोलादपूरचा श्रीपत आला. त्याचं तिकडे बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि त्याच्या जिभेवर नेहमी साखर असायची.

"तय्यबभाई, मुंड्या उकळत बसता काय? ही बघा हाडांची भुकटी. मुंबईच्या बिस्किटांत हेच असतं. एक पोतं ठेवून जातो. करून बघा, आवडलं तर मग बोलू. माल मी खपवतो, पार चिपळूणपर्यंत."

पोत्यावर काही छापलेलं होतं, पण त्यावर चुन्याचा हात मारला होता. तय्यबने ते पाहिलं. पाहूनही विचारलं नाही. काम वाढलं होतं, मुंड्या मिळत नव्हत्या. त्याने एक घाणा त्या भुकटीचा काढला.

भाजताना जो वास सुटला, तो काही केल्या जाईना. जळक्या शिंगासारखा, आणि त्यात आणखी काहीतरी तिखट, घशाला धरणारं. मांजरीपुढे बिस्कीट टाकलं तर तिने ते हुंगलं, पाय झाडला आणि सरळ छपरावर जाऊन बसली. तय्यबने उरलेलं पोतं श्रीपतला परत पाठवलं. बिस्किटं मात्र एका डब्यात भरून माळ्यावर ठेवली. टाकायला हात धजला नाही. चांगलं पीठ होतं त्यात.

त्यानंतर आठ-दहा दिवसांतच लोकांचं हे हुंगणं सुरू झालं.

सुंदराबाई गेली त्याच दुपारी सबनीसांची जीप दारात येऊन थांबली. साहेब खाली उतरले ते तोंड आवळूनच.

"तय्यबभाई, काय घातलंत तुम्ही त्या बिस्किटांत? टायगर काल सकाळपासून ओकतोय. उभा राहत नाही. शेजारच्या देशपांड्यांची पॉमेरेनियन कुत्री आज पहाटे गेली."

"गेली?"

"मेली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, खाण्यातूनच झालंय. आमची मंडळी तुमच्यावर विश्वास ठेवून होती."

तय्यब आत गेला. शिडी लावून माळ्यावर चढला. डबा तिथेच होता. झाकण काढलं. डबा रिकामा होता.

भुकटीचा घाणा या घरात तीन माणसांनाच ठाऊक होता. तो स्वतः, रहिमा आणि चांगू. वसाहतीत सायकलवरून माल कोण नेतो? चांगू. लोकांच्या कानात कुणी घातलं असेल? गेले काही दिवस चांगू दुपारचा बाहेर कुठे जातो? श्रीपत आला तेव्हा त्याच्याशी पडवीत कोण कुजबुजत होतं? एकदा मन त्या वाटेला लागलं की त्याला सगळीकडे खुणाच दिसायला लागतात.

चांगू मागे लाकडं फोडत होता.

"चांगू, माळ्यावरचा डबा कुणी रिकामा केला?"

"मला नाय ठाव, चाचा."

"तू वसाहतीत नेलास. श्रीपतने काय दिलं तुला?"

चांगूच्या हातातली कुऱ्हाड खाली आली. त्याने तय्यबकडे असं पाहिलं, जणू समोरचा माणूस कोण आहे हेच त्याला ओळखू येत नव्हतं.

"मी नेला नाय," तो म्हणाला. "आनि माझ्या बापानंबी कुनाचं कधी नेलं नाय."

"मग डबा काय उंदरांनी खाल्ला?"

चांगूने कुऱ्हाड भिंतीला टेकवली, खुंटीवरचा सदरा घेतला आणि मागच्या दाराने तो निघून गेला. तय्यबने त्याला थांबवलं नाही. चोर असल्याशिवाय असा जाईल का, असंच त्याच्या मनात आलं.

तो सबनीसांबरोबर जीपमध्ये बसला. बंगल्यावर टायगर व्हरांड्यात पडला होता, डोळे उघडे, पण शेपूट हलत नव्हती. सबनीसबाईंनी काचेची बरणी आणून पुढे ठेवली. तय्यबने हात घालून एक बिस्कीट बाहेर काढलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

ते गोल होतं.

"बाई, हे माझं नाय. माझी लांबट असतात. गेल्या सालापास्नं तुम्ही घेताय, गोल कधी दिलंय का?"

"अहो, पण ते पोलादपूरचे श्रीपत दारावर आले होते. म्हणाले, तय्यबकडचीच, नवीन घाटाची आहेत, स्वस्त पडतात. तुमचंच नाव घेतलं त्यांनी."

तय्यबने बिस्कीट नाकाशी नेलं. तोच वास. जळक्या शिंगाचा.

"साहेब, जीप पोलादपूरला घ्या," तो म्हणाला. "पन आधी माझ्या बेकरीवरनं. मला माझी बिस्किटं घ्यायची हायत."

श्रीपत दुकानात तराजूपाशीच बसला होता. साहेबांची जीप पाहून तो लगबगीने उठला. तय्यबने नमस्कार-चमत्कार केला नाही. तो सरळ आत गेला. भिंतीला तसलीच पोती लावलेली होती. त्यांच्यावर चुना नव्हता. 'आंबा कलमांसाठी हाडांचे मिश्र खत' हे ठसठशीत अक्षरांत होतं, आणि खाली लाल शाईत 'खाण्यास अपायकारक'.

सबनीसांनी ते मोठ्याने वाचलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं जागीच थांबली.

"अहो साहेब, हाडं ती हाडंच की!" श्रीपत हसायला लागला. "कुत्रं काय कमी खातं काय? घाण चिवडतं ते. त्याला काय होतंय?"

"नाव माझं का घेतलंस?" तय्यबने विचारलं.

"नाव चांगलं हाय तुमचं. म्हनून."

तय्यबने खिशातून स्वतःचं लांबट बिस्कीट काढलं, दाताखाली धरलं आणि मोडलं. नाचणीचं, कडक, बेचव, सुकटीचा वास येणारं. त्याने ते सावकाश चावून गिळलं. मग रुमालातून ते गोल बिस्कीट काढून श्रीपतपुढे धरलं.

"माझं मी खाल्लं. आता तुझं तू खा."

श्रीपत हसला. मग गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग साहेबांकडे. तय्यबचा हात पुढेच होता. श्रीपतने बिस्कीट हातात घेतलं, बोटांत फिरवलं आणि गल्ल्यावर ठेवून दिलं.

"मी काय कुत्रा हाय?" तो पुटपुटला.

"नाही," सबनीस म्हणाले, "कुत्र्याला ते काय आहे हे माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं." आणि ते तिथून तडक पोलीस ठाण्याकडे वळले.

परतीच्या वाटेवर तय्यबला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटेना. ती गोल बिस्किटं बाहेर कुठेतरी भाजली गेली होती. मग माळ्यावरचा डबा कुणी रिकामा केला?

घरी आल्या-आल्या त्याने रहिमाला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मी पुरली. अंगनात, खड्डा करून. मांजर तोंड लावीत नाय ते घरात कशाला ठेवायचं? कुनाच्या तरी पोटात गेलं असतं."

"मला सांगायचं तरी!"

"तुमी विचारलं कुठं? तुमी चांगूला विचारलंत." तिने आता मान वर केली. "मी हितंच होते. सगळं आयकलं. मधी बोलनार तवर तो गेलाबी."

तय्यब अंगणात गेला आणि ताजी उकरलेली माती पाहून आला.

लोकांना कुणी सांगितलं हे मात्र अजून उरलं होतं, म्हणून संध्याकाळी तो सुंदराबाईच्या हाटेलात गेला. त्याने तिला आडपडदा न ठेवता विचारलं, "चांगूने काय सांगितलं तुम्हाला?"

"चांगू? तो कशाला सांगंल?" सुंदराबाईने कपबशा पुसता पुसता त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "तय्यबभाई, त्या दिवशी तुमच्या मागच्या भट्टीचा धूर आख्ख्या स्टँडवर आला होता. गिऱ्हाईक मिसळीवरनं उठून गेलं. गाडीतली मानसं नाकाला पदर लावून बसली. कुनी सांगायला कशाला पायजे? नाक सगळ्यांना हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी तशीच सोडून तय्यब बौद्धवाडीवर गेला. चांगू दारात बसून टोपली विणत होता. त्याच्या बायकोने, मंजुळाने, तय्यबला पाहून पाणी आणलं, पण बसा म्हणाली नाही.

"चांगू, चूक झाली माझी," तय्यब उभ्यानेच म्हणाला. "डबा रहिमाने रिकामा केला होता."

"मला म्हाईत हाय मी नेला नव्हता," चांगू म्हणाला. "तुमाला आता कळलं."

"येशील ना कामाला?"

चांगूने टोपलीची एक काडी ओढून घट्ट बसवली. "माळ्यावर तुमी स्वतः ठेवलेला डबा. त्या दिवशी इचार माझाच का आला, चाचा? चाचीचा का नाय आला?"

उत्तर तय्यबपाशी होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. तो पाणी पिऊन परत आला.

टायगर वाचला. तांदळाची पेज आणि ताक यांवर तो हळूहळू उठून बसला. श्रीपतचं दुकान काही दिवस बंद राहिलं आणि मग पुन्हा उघडलं. लोकांनी पाव हुंगणं सोडलं. सुंदराबाईने पुरत्या लाद्या न्यायला सुरुवात केली. कापडदुकानवाल्या शेटच्या घरून मात्र खारीला कुणी आलं नाही ते आलंच नाही.

पुढच्या आठवड्यात चांगूही आला. त्याने सदरा खुंटीला लावला आणि लाकडं फोडायला घेतली. रहिमाने त्याच्यापुढे चहा ठेवला, त्याने तो प्यायला. सगळं पूर्वीसारखं चालू झालं.

फक्त एक झालं. वसाहतीत माल न्यायला निघाला की चांगू सायकल गल्ल्यापाशी उभी करायचा, कॅरिअरवरच्या डब्याचं झाकण उघडायचा आणि डबा तय्यबच्या पुढ्यात धरायचा.

"अरे, ने ना! मला काय दाखवतोस?"

"बघून घ्या, चाचा," चांगू शांतपणे म्हणायचा, आणि तय्यबने आत पाहिल्याशिवाय झाकण लावायचा नाही.