चिमूटभर चुना

बॉयलरवाल्याने काचेवरची नजर काढायची नाही, हा आमच्या परळच्या गिरणीतला नियम. काचेच्या नळीत बॉयलरमधलं पाणी दिसतं. ते खाली उतरलं की आत पाणी सोडायचं. विसरलात, तर बॉयलर फुटणार आणि आम्ही जाणार ढगात. पाळीभर एवढंच काम. नजर ठेवायची भिवाने, कोळसा मारायचा मी. तंबाखू मात्र दोघांपुरती तोच मळायचा, हाताकडे न बघता.

त्या दुपारी त्याने दिलेली चिमूट ओठात धरली आणि तोंड पेटलं.

"भिवा, जीव घेतोस काय रे! चुना दोनदा लावलास?"

एरवी हा माझ्या वरताण शिवी हासडतो. आज तसाच चघळत बसला. स्वतःचा ओठ भाजत होता, त्याचाही पत्ता नव्हता. डोळे मात्र टक्क उघडे, काचेवर. मी वाकून पाहिलं. पाणी पार तळाशी गेलं होतं.

धावत जाऊन पाणी सोडलं.

"पाणी बघत होतास ना?"

"बघत होतो, राजाराम," तो म्हणाला. "पण दिसलंच नाय."

त्याची बायको शैला संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडली गेली होती. तान्ही पोर आईसाठी रात्रभर रडायची आणि हा तिला छातीवर घेऊन फेऱ्या मारायचा. साहेबाला सांगावं, तर साहेब कायमचा घरी बसवणार. मग पोरीला दूध कुठून? मला त्याचा राग आला होता, पण पोटात तुटलंही.

"ऊठ. तू फावडं घे, काचेसमोर मी बसतो. माझ्यासारख्या बैलाला कसली झोप!"

तेवढ्यात साहेब डोकावलेच. "ही अदलाबदल कोणी सांगितली?"

"मीच केली, साहेब. बसून बसून याची पाठ धरलीय."

साहेब हूं म्हणून गेले.

मी ऐटीत बसलो. काच, पाणी, काच, पाणी. तंबाखूही मीच मळली आणि भिवाला दिली. नजर काचेवरून हलली नाही, देवाशपथ.

कोळसा मारून भिवा घामाने न्हाला होता, पण आता चेहऱ्यावर जीव आला होता. त्याने चिमूट चघळली, थुंकली आणि फावडं माझ्या हातात दिलं.

"यात चुनाच नाय," तो म्हणाला. "बैलालापण झोप लागते. सरक, राजाराम. आता मी बसतो."