तिला नाही उचलवणार

बाप आणि लेक एकाच घरात राहून एकमेकांना पाण्यात पाहत होते. बाप मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा कोच. ठोसे, लाथा, पकडी, सगळं जाळीच्या पिंजऱ्यात चालणारा तो खेळ. लेक त्याचीच शिष्या, पण वजनं उचलायला लागली आणि बिनसलं.

"ताकद हमालाला लागते," बाप म्हणायचा. "लढणाऱ्याला डोकं लागतं."

पण लेकीला तिच्याहून दणकट मुलींनी नुसतं दाबून हरवलं होतं. डाव सुचायचा, अंगात जोर पुरायचा नाही. म्हणून ती बापाच्या चोरून एका बाईंकडे जाऊ लागली. बाई पूर्वी वेटलिफ्टर होत्या. पाय रोवून, पाठ ताठ ठेवून जमिनीवरून जड बार कसा उचलायचा, ते त्यांनी तिच्याकडून घोटून घेतलं. बापाला कळलं तेव्हा त्याने सगळ्यांदेखत तिचे ग्लोव्हज दाराबाहेर फेकले.

"ओझी वाहायचीत ना? मग इथे जागा अडवू नकोस."

त्यानंतर घरात त्यांची पानं वेगवेगळी वाढली जाऊ लागली. बोलणं आईमार्फत.

"त्यांना सांग, बाथरूम रिकामं करा."

"तिला सांग, दार तोडून आत ये म्हणावं. दंड आहेतच आता."

"मी काय भिंत आहे," आई वैतागायची, "की दोघांनी माझ्यावर डोकी आपटावीत?"

मग लेकीची लढत ठरली ती नेमकी बापाच्या नव्या शिष्येशी. उंच, सडपातळ, म्हणून तिला सगळे काठी म्हणत. बापाला नाही म्हणता आलं असतं. पण त्याने नकार दिला नाही. त्या दिवशी बापलेक एकाच जिन्याने उतरले आणि दोन रिक्षांत बसले.

पहिल्या फेरीत काठीने लेकीचं नाक फोडलं. बाप पिंजऱ्याबाहेरून ओरडत होता, "डावा खांदा. डावा कच्चा आहे तिचा." लहानपणी तो खांदा निखळला होता, तेव्हा यानेच तिला कडेवर घेऊन डॉक्टरकडे नेलं होतं. लेकीच्या तोंडात रक्ताची चव होती. तिला आता बापच समोर हवा होता.

दुसऱ्या फेरीत काठीने तिचा डावा हात दोन्ही मांड्यांत पकडला आणि कोपरातून उलटा ताणायला घेतला. कुणीही हार मानली असती. लेकीने दोन्ही हात एकमेकांत अडकवले, गुडघा टेकला, पाय रोवले आणि काठीसकट उठून उभी राहिली. काठी तिच्या हाताला लोंबकळत होती.

"सोड," लेक दातांवरच्या गार्डमधूनच म्हणाली.

काठीने कोचकडे पाहिलं.

"सोडू नकोस," बाप ओरडला. "तिला नाही उचलवणार."

लेकीने तिला खांद्यापर्यंत उचललं आणि खाली आपटलं. काठीच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला. पंचांनी लढत थांबवली. लेकीचा हात वर केला.

बाप इस्पितळातून घरी आला तो थेट तिच्यासमोर.

"माझ्या पोरीचं हाड मोडलंस तू."

आई भांडी आवरत होती, तिचा हात थांबला. "तुमची पोरगी ही आहे."

"ही त्या बाईची."

"मी तिला सोड म्हणाले होते," लेक म्हणाली. कित्येक महिन्यांत ती त्याच्याशी सरळ बोलली नव्हती. "तुम्ही सोडू दिलं नाहीत. माझ्यात ताकद नाही हे तुम्हाला दाखवायचं होतं. तिच्या हाडावर."

बाप कोचच्या जाकिटातच खुर्चीवर बसून राहिला. कुणी त्याला जेवायला बोलावलं नाही.

हाड जुळल्यावर काठी त्याच्याकडे परतलीच नाही. एका सकाळी ती बाईंच्या व्यायामशाळेत येऊन उभी राहिली. लेक बारपाशी होती.

"तुझ्याशी गोडीगुलाबी करायला आले नाहीये," काठी म्हणाली. "पुन्हा भेटू तेव्हा मी तुला उचलणार आहे."

"ये की. पण खांदा आधी नीट होऊ दे."

"तू तुझं नाक सांभाळ."

बाईंनी दोघींना आवाज दिला, "तोंडं नंतर चालवा." लेकीने बारवरची आपली वजनं उतरवली आणि जागा करून दिली.