जाळीआडची राणी

मावशी आठवते ती आधी वासानं. धुमसत्या गोवरीचा धूर, ओलं मेण, आणि त्या दोन्हींखाली कोऱ्या लुगड्याच्या खळीचा वास. आई गेल्यावर वर्षभरानं अण्णांनी तिला ताडकळसहून लग्न करून आणलं, तेव्हा पेडगावच्या शिवारात करडई फुलून केशरी झाली होती. मला तो खळीचा वास मुळीच सोसत नव्हता. ती उंबऱ्याशी थबकायची, आत पाहायची, मग पदर सावरून पाऊल टाकायची. भांडंसुद्धा असं ठेवायची की आवाज होऊ नये. स्वतःच्याच घरात इतकी बिचकून वावरणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि परसात शेवग्याखाली मधमाश्यांची एक पेटी सांभाळायचे. मावशी आली आणि नेमकी त्याच पंधरवड्यात पेटीतली राणीमाशी मेली. झालं! आमच्यातच राहणाऱ्या काकूला तेवढंच हवं होतं. "पायगुण म्हणतेत त्यो ह्योच. हिचा पाय लागला अन् पेटी बसायली," भरल्या अंगणात ती बोलली. मावशी हातातला तांब्या तसाच धरून उभी राहिली. पेटी जगली तरच आपला या घरात निभाव, हे तिनं त्या क्षणीच मनाला लावून घेतलं.

राणीवाचून पेटीचा सूर बदलतो. एरवीचं ते तृप्त गुंजन सरतं आणि आतून एक लांबट, आर्त घोंघाट उठत राहतो. हिवाळ्याच्या त्या निस्तेज उन्हात तो ऐकू आला की मी कान झाकून घ्यायचे. अण्णा सांगायचे, राणीच्या अंगाला एक गंध असतो. माश्या तो चाटतात, एकमेकींना देतात, आणि तो दरवळतो तोवर कामकरी माश्या अंडी घालत नाहीत. गंध विरला की त्याच घालू लागतात, पण त्यांतून निघतात नुसते नर. ना मध, ना काम. पेटी आपोआप संपते.

विद्यापीठाच्या नामांतरापायी एसट्या बंद होत्या, म्हणून अण्णा आगगाडीनं पूर्ण्याला गेले आणि जाळीच्या इवल्या पिंजऱ्यात नवी राणी घेऊन आले. मावशी म्हणाली, "सोडा की आता तिला, तुमी कशाची वाट बघायलाव?"

"लगेच सोडली तर मारतील तिला. परका वास हाय. आधी या पेटीचा वास तिला लागू दे."

पिंजरा पेटीत टांगला. त्या दुपारी मावशीनं ट्रंकेतून आईचं जुनं लुगडं काढलं, आपलं एक त्याला जोडलं आणि दोन्हींची मिळून एक गोधडी शिवली. मला राग आला. पण आईचा वास आला आणि राग गिळला. "तुज्या आईचं टोक तुला," ती म्हणाली, "दुसरं मला दे. लय थंडी हाय बाई."

मग रोज सकाळी आम्ही दोघी पेटीपाशी. माश्या जाळीला डसत होत्या, नांगी वाकवत होत्या. मावशीच्या घशाखाली घास उतरेना. पेटी अशीच राहिली तर मावशी पुन्हा ताडकळसला जाईल, या भीतीनं मी हैराण झाले. आणि ती जावी असं आपल्याला वाटत नाही, हे त्याच भीतीनं मला कळलं.

एका सकाळी घोंघाट निवलेला होता. अण्णांनी फळी उचलली. माश्या जाळीला बिलगल्या होत्या, पण डसत नव्हत्या. जाळीतून जीभ घालून राणीला भरवत होत्या. मावशी मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी आत धावले, भाकरीचा तुकडा आणला आणि तिच्या तोंडाशी धरला. "मावशी, खा की गं!"

आता मावशी नाही, शेवगाही नाही. गोधडी माझ्यापाशी आहे. धुऊन धुऊन दोन्ही लुगड्यांचा रंग एक झाला, आणि काळानं दोघींचाही गंध नेला. तरी थंडी पडली की मी ती अंगावर घेते, आणि एक टोक मोकळं ठेवूनच निजते.