तारेवरची कादंबरी

१९३६ सालची गोष्ट. त्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या उत्तर डाकोटात अशी थंडी पडली की शाळा बंद झाली, रस्ते बर्फाखाली गेले आणि अकरा वर्षांची बोर्गहिल्ड टोलफ्सरूड घरात अडकली ती अडकलीच. घरात वाचायला काय, तर बायबल, पंचांग आणि बियाण्यांचा कॅटलॉग. कॅटलॉगमधली कोबीची वर्णनंसुद्धा तिची पाठ होऊन गेली होती.

कादंबरी तिच्या वडिलांना, अँडर्सना, घरात चालत नसे. "न घडलेल्या गोष्टी वाचायच्या आणि वर रडायचं? इथे घडलेल्या गोष्टींवर रडायला कुणाला वेळ आहे?" असं ते चारचौघांतही म्हणत.

पण टेलिफोन होता. भिंतीवरची लाकडी पेटी, आणि एकाच तारेवर आसपासची सगळी शेतघरं. घंटा कुणाचीही असो, सगळ्यांकडे वाजायची. शेजारच्या मलेना ओस्बीची दोन लांब, एक आखूड. दुसऱ्याची घंटा वाजली की रिसीव्हर हळूच उचलायचा, बोलायच्या भोंग्यावर तळवा दाबायचा आणि ऐकायचं. ऐकत सगळेच, कबूल कुणीच करत नसे. तारेत जीव मात्र बेताचा. जितके जास्त रिसीव्हर उचललेले, तितका आवाज बारीक.

मलेनाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून ती दिवसभर टेलिफोनशेजारी खुर्ची टाकून बसे. तिची मैत्रीण पेट्रा हौगलंड एकटीच राहायची आणि पुस्तकांशिवाय तिला चैन पडत नसे. तिने दुपारी दोनला मलेनाला टेलिफोनवरून कादंबरी वाचून दाखवायला सुरुवात केली. डोंगरातल्या गावांना टपाल पोचवणारी एक मुलगी, तिचा म्हातारा घोडा, मागावर चोर. बोर्गहिल्डने पहिल्याच दिवशी स्टुलावर चढून रिसीव्हर कानाला लावला आणि ती त्या डोंगरातच राहायला गेली.

दोन-चार दिवसांत पकडली गेली.

"खाली ठेव," अँडर्स म्हणाले.

"बाबा, ती दरीपाशी पोचलीये! पूल तुटलाय!"

"तुटू दे. आपल्याला कुठे पलीकडे जायचंय? उद्यापासून दोन वाजता तू कोंबड्यांना दाणे घालायचे."

"सकाळीच घालते मी," आई, सिग्ने, विणता विणता म्हणाली.

"मग परत घालायचे!"

कोंबड्या लठ्ठ होत गेल्या आणि बोर्गहिल्ड झुरत गेली. ती मुलगी दरी ओलांडून गेली की पडली? विचारणार कुणाला? विचारायचं म्हणजे आपण ऐकत होतो हे सांगायचं. तिने एकदा कोंबड्यांनाच पुढची गोष्ट रचून सांगितली, पण समाधान होईना. कोंबड्यांचंही झालेलं दिसलं नाही.

एके दिवशी दाण्यांची बादली विसरली म्हणून ती अर्ध्या वाटेतून परत आली. स्वयंपाकघराचं दार ढकललं आणि पाहते तो काय, बाबा टेलिफोनपाशी उभे! कानटोपी एका बाजूने वर सरकवलेली, कानाला रिसीव्हर, भोंग्यावर तळवा, डोळे मिटलेले. बोर्गहिल्ड दारातच थिजली. रिसीव्हरमधून पेट्राचा आवाज अगदी बारीक येत होता. सगळा परिसरच कान लावून बसला असणार. घोड्याच्या पोटात कळ आली होती, तो बर्फात लोळत होता आणि ती मुलगी त्याच्यावर घोंगडी घालून रडत बसली होती.

अँडर्सचा चेहरा लाल झाला. तळवा भोंग्यावरून निघाला.

"अगं बये, रडतेस काय? उठव त्याला! चालव! लोळला तर मरेल तो!"

पेट्राचं वाचन मध्येच तुटलं.

मग पेट्रा म्हणाली, "आभारी आहे, अँडर्स. सांगते हं तिला."

"अय्या, अँडर्स?" मलेना किंचाळली. "न घडलेल्या गोष्टींत कसे काय आलात तुम्ही?"

आणि एकेका घरातून हसू फुटलं. जे लोक कधीच ऐकत नव्हते ते सगळे हसत होते. कुणीतरी पुरुष ओरडला, "बरोबर बोलतोय तो! आधी चालवायलाच हवा!"

अँडर्स वळले. दारात मुलगी.

"कोंबड्या?"

"लठ्ठ झाल्यात, बाबा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला. "स्टूल आण. आणि मध्ये बोलायचं नाही."

"मी कुठे बोलले?"

एक रिसीव्हर आणि दोन कान. घोडा वाचला. पण शेवटचं प्रकरण उरलं असतानाच वादळात खांब कोसळले आणि तार मुकी झाली. बोर्गहिल्डने जेवण सोडलं. अँडर्सनी जेवण सोडलं नाही, पण लेफ्सेवर, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळीवर, लोण्याऐवजी मोहरी फासली आणि त्यांना ते कळलंही नाही.

तिसऱ्या दिवशी वारा पडला तसे ते बर्फगाडी जुंपून निघाले. "लोहाराकडे काम आहे," म्हणाले. परतले ते कोटाच्या आत पुस्तक घेऊन, आणि उजव्या हाताचा अंगठा पांढराफटक करून.

"हिमबाधा!" सिग्ने अंगठा चोळत म्हणाली. "हातमोजा का काढलात?"

"लगाम नीट धरता येईना."

बोर्गहिल्डने स्टोव्हजवळ बसून शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचलं. अडखळत, पण सोडलं काही नाही. चोर यायच्या एक पान आधीच अँडर्स खुर्चीत सावरून बसले. टपालवाली घरी पोचायच्या आधीच त्यांनी रुमाल काढला.

"बाबा! गाडीत वाचलंत तुम्ही!"

"घोड्याला वाट ठाऊक होती," ते म्हणाले. "मी रिकामा बसून काय करणार? वाच पुढे."

मलेनाची पट्टी निघाली, दृष्टी छान आली, पण पुस्तक तिने हाती धरलं नाही; ऐकण्याची चटक लागली होती. पेट्रा तिला म्हातारपणापर्यंत वाचून दाखवत राहिली आणि तिला न आवडणारी प्रकरणं गुपचूप गाळत राहिली. अँडर्स चोरून ऐकतात हे सिग्नेला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "हा माणूस जेवणाआधी खुशीत दिसतोय, तर मी कशाला बोलू?" असं तिने पुढे लेकीच्या लग्नात सर्वांसमक्ष सांगितलं. अँडर्स पुढची पंधरा वर्षं जगले. दर हिवाळ्यात लोहाराकडे काम काढून पेट्राकडून पुस्तकं आणायचे, आणि पात्रांना ओरडून सल्ले द्यायचे. बोर्गहिल्ड फार्गो शहरात शिक्षिका झाली. आता ती ऐंशी पार करून गेली आहे. वाचनालयात बसली की तिचे ओठ हलतात, हळूहळू आवाजही सुटतो. शेजारच्या टेबलावरची माणसं वैतागून वर पाहतात, आणि मग खुर्ची थोडी जवळ ओढून घेतात.