कोरा हात

डॉ. प्रीतीला स्वतःवर शंका घ्यायची सवय नव्हती, आणि ती लावायचं कुणी मनावरही घेतलं नव्हतं. कबनूरच्या बौद्ध वस्तीत, शेजारी कापडाचे चोवीस यंत्रमाग खडखडत असताना जिनं मेडिकलची जाडजूड पुस्तकं पाठ केली, ती दवाखान्यातल्या रडारडीला काय भीक घालणार? कोल्हापुरात मंगळवार पेठेत डॉ. उन्मेष यांचा लहान मुलांचा दवाखाना होता. तिथं ती दीड वर्षापासून काम करत होती आणि एव्हाना सरांशी वाद घालण्याइतकी रुळली होती. सरांनाही ते आवडायचं. फक्त ते कबूल करायचे नाहीत.

अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी ती चार वर्षांच्या अक्षताचा हात मांडीवर घेऊन बसली होती. सोमवारी त्या हातावर मॉन्टू टेस्टचं इंजेक्शन टोचलं होतं. टीबीचा संशय असला की ही टेस्ट करतात आणि तिसऱ्या दिवशी तिथं गाठ आली का ते बघतात. बघतात म्हणायचं, पण खरं तर चाचपतात. नुसती लाली फसवते, बोटाला लागणारा टणकपणा फसवत नाही. प्रीतीनं डोळे मिटून बोट फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. हात सपाट होता. इतका कोरा की टोचल्याची जागासुद्धा शोधावी लागत होती.

पोर तिच्याच वस्तीतली होती. आई मीनाबाई कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. बापाची मागावर पाळी असल्यामुळे पोरीबरोबर मीनाबाई आणि तिची सासू तानाबाई अशा दोघीच आल्या होत्या. पंधरा दिवसांचा ताप, खोकला, गळ्याला गाठी आणि हाडावर कातडं. छातीच्या एक्स-रेत सावली दिसत होती, पण ती साध्या न्यूमोनियाचीही असू शकली असती. न्यूमोनियाची औषधं देऊन झाली, ताप हटला नाही. तीन दिवस सकाळी पोटातलं पाणी काढून तपासलं, त्यात जंतू सापडले नाहीत. आणि आता हा कोरा हात.

डॉ. उन्मेषांनी राउंडला कागद बघितला आणि उद्या घरी सोडू म्हणाले. एवढ्याशा जिवाला सहा महिने जालीम औषधं नुसत्या संशयावर द्यायची नाहीत, टॉनिक लिहून दे, पंधरा दिवसांनी परत बोलाव. प्रीती म्हणाली की ही पंधरा दिवसांनी परत येणार नाही. या वयाच्या पोरीत टीबी मेंदूत शिरायला वेळ लागत नाही, आणि मग येऊन उपयोगही नाही. सर म्हणाले, असेलही, पण टेस्ट शून्य आहे, शून्याला मी काय करू? उद्या सकाळपर्यंत मला काहीतरी दाखव, मग भांड.

तर प्रीती शून्याच्या मागे लागली.

तिला आठवत होतं ते असं. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या आत जे काही चाललंय त्याचे बारीक तुकडे करून बाहेर, आपल्या अंगावर, दाखवायला ठेवत असते. गस्त घालणाऱ्या पेशींना आत डोकावता येत नाही. त्या हे तुकडे चाचपत फिरतात. तुकडा घरचाच असला तर पुढं जातात. आत जंतू शिरलेला असला तर त्याचाही तुकडा बाहेर येतो आणि तो ओळखणारी गस्तवाली पेशी तिथंच थांबते. गंमत अशी की प्रत्येकीला एखादाच तुकडा ओळखता येतो, म्हणून बरोबर ती गाठ पडायला वेळ लागतो. पण एकदा पडली की तिची पिलावळ वाढते आणि ती ओळख वर्षानुवर्षं विसरत नाही. मॉन्टू टेस्टमध्ये टीबीच्या मेलेल्या जंतूंचा अर्क कातडीत सोडतात. कातडीतल्या पेशी तो गिळून त्याचे तुकडे बाहेर मांडतात. ओळख असलेल्या पेशी गोळा होतात, आणखी चारजणींना बोलावतात, आणि दोन-तीन दिवसांत तिथं गाठ धरते.

म्हणजे गाठ आली तर ओळख आहे. नाही आली तर? सरांनी एकच अर्थ धरला होता की ओळख कधी झालेलीच नाही. प्रीतीला दुसराही माहीत होता. ओळख आहे, पण ओळखणाऱ्या पेशीच लुळ्या पडल्या आहेत. असं कधी होतं? फार उपासमार झाली की होतं, काही औषधांनी होतं आणि गोवरानं होतं. गोवर ओसरल्यावरसुद्धा महिना-दीड महिना या पेशी डोकं वर काढत नाहीत. आणि तेवढ्यात छातीत दबा धरून बसलेला टीबी मोकाट सुटतो.

तिनं पोरीला उन्हात नेलं. कानामागं आणि कपाळावर काळपट डाग होते, आणि बोट फिरवलं की कोंड्यासारखी सालं निघत होती. प्रीतीचा चेहरा खुलला. वॉर्डात येऊन तिनं सहा खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आत्ती, हिला गोवर आलता काय?"

तानाबाईंनी मान वर केली. वस्तीतल्या महिला मंडळाच्या त्या बारा वर्षं अध्यक्ष होत्या. विहारात वंदना त्या घ्यायच्या. कुणाच्या उंबऱ्यावर लिंबू दिसलं तर आत जाऊन खरडपट्टी काढायच्या, आणि देवदेवता न मानण्याच्या, बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञा न अडखळता म्हणून दाखवायच्या. प्रीतीच्या लहानपणी सगळी पोरं त्यांना टरकून असायची.

"आमच्यात असलं काय न्हाय," तानाबाई म्हणाल्या.

मीनाबाई पोरीच्या झग्याच्या उगाचच घड्या घालत राहिली.

डागांचं विचारलं की मीनाबाई घामोळं म्हणायची, सासू मान डोलवायची, आणि विषय संपायचा. प्रीतीनं दुपारी मीनाबाईला नळावर गाठलं. मीनाबाईचे डोळे भरून आले, पण तोंडातून एवढंच निघालं की आत्तींना विचारा. सासूच्या पाठीमागं ती पोरीसाठीही बोलणार नव्हती. प्रीतीला राग आला. बाई गं, पोर मरेल, असं तोंडावर आलं होतं. पण ती गिळून गेली, कारण तिला एकदम तानाबाईंचं उत्तर टोचलं. आमच्यात असलं नाही म्हणजे काय? गोवर हा आजार आहे. तो आमच्यात आणि तुमच्यात बघून येत नाही. आमच्यात नसतं ते गोवराच्या मागून केलं जातं ते. कडुलिंबाचा पाला उशाला ठेवणं, फोडणी बंद करणं आणि मरीआईला दहीभात नेणं.

आणि मग तिला सगळं लख्ख दिसलं. सहा खाटांसमोर आपण काय विचारून बसलो तेही दिसलं. आपण विचारला होता आजार, पण बाईंना ऐकू आली होती चोरी. स्वतःच्याच अंगणात वाढलेली डॉक्टर, आणि एवढं कळू नये? तिला स्वतःची लाज वाटली. असं तिला वर्षातून एखादेवेळी वाटायचं.

तानाबाई मागच्या बाजूला बाकड्यावर एकट्या बसल्या होत्या. प्रीती शेजारी जाऊन बसली. तिनं गोवराचं नाव काढलं नाही. मागाचा मालक काय करतो ते तिनं विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. तो काही प्रत्येक मागात डोकं घालत नाही. कापडाचा हातभर तुकडा बघतो आणि सांगतो, अमक्या मागाचा धागा तुटतोय. अंगातही असेच तुकडे बघणारे असतात, आत्ती. अक्षताच्या अंगातले बघणारे सध्या डोळे मिटून पडलेत. धागा कुठं तुटतोय ते कापड ओरडून सांगतंय, पण बघणाराच उठत नाही. म्हणून हात कोरा राहिला. ते कशानं पडलेत आणि कधीपासून, एवढं मला साहेबांना सांगता आलं पाहिजे. नाहीतर उद्या ते पोरीला घरी पाठवतील.

तानाबाईंनी वॉर्डाच्या दाराकडे बघितलं.

"देवीचं मला काय बी सांगू नगा, आत्ती," प्रीती हळू म्हणाली. "निस्ता दिवस सांगा."

तानाबाईंनी पदर नीट केला. त्या उठून आत गेल्या. प्रीती बाकड्यावरच बसून राहिली. उद्याची सकाळ तिला डोळ्यांसमोर दिसत होती.

शुक्रवारी सकाळी डॉ. उन्मेष राउंडला आले. अक्षताच्या खाटेशी थांबून त्यांनी घरी सोडायचा कागद सहीसाठी मागितला. प्रीतीनं तो दिला नाही. ती सालपटांचं सांगायला लागली, सरही ऐकायला लागले, पण डागांवरून दिवस कळत नव्हता आणि घरचे तर गोवर नाही म्हणत होते. तेवढ्यात खाटेच्या पलीकडून आवाज आला. तानाबाईंना कुजबुजता येत नव्हतं. जन्मभर मागांच्या वर आवाज चढवून बोललेली बाई ती.

"लिवून घ्या, डाक्टर. पुनवंच्या आदी सोमवारी पोरीच्या अंगावर गोवर फुटला. मंगळवारी मी मरीआईला दहीभात घिऊन गेलते. बुधवारी पुनव हुती, तवा विहारात वंदना बी मीच घेतली. सुनंनं काय केलं न्हाई, तिला मीच गप्प बसवलं. आता कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. पर पोरीला औशद सुरू करा."

डॉ. उन्मेषांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मागं उलटलं. फेब्रुवारीतल्या त्या सोमवारपासून टेस्ट टोचलेल्या सोमवारपर्यंत बोट सरकवत नेलं. बरोबर तीन आठवडे भरले. त्यांनी पोरीच्या कपाळावरून अंगठा फिरवला, निघालेली सालं बघितली आणि प्रीतीच्या हातातला सही न केलेला कागद घेऊन, घडी घालून खिशात टाकला.

"हा शून्य शून्य नाही," ते म्हणाले. "प्रीती, टीबीची औषधं आजच सुरू कर. वजनावर डोस काढ आणि मला दाखव."

मग ते तानाबाईंकडे वळले आणि म्हणाले की आजी, काल हे सांगितलं असतंत तर माझा एक दिवस वाचला असता, पण आज सांगितलंत म्हणून पोर वाचेल. तानाबाईंनी नुसते हात जोडले. मीनाबाई सासूचा दंड घट्ट धरून उभी होती आणि आता मोकळेपणी रडत होती.

ताप उतरायला तीन आठवडे लागले. वजन मात्र लवकर चढायला लागलं, आणि एप्रिलमध्ये अक्षता दवाखान्याच्या जिन्यावरून पळायला लागली, तेव्हा तिला आवरायचं काम प्रीतीकडे आलं. मेच्या सुरुवातीला टेस्ट पुन्हा केली. तिसऱ्या दिवशी मीनाबाई घाबरून धावत आली, की हाताला ही एवढी गाठ आली, आता काय करू? प्रीतीनं डोळे मिटून बोट फिरवलं. पट्टी लावली तर चौदा मिलिमीटर भरले. ती इतकी हसली की हिला वेडच लागलं, असं मीनाबाईला आधी वाटलं. जागे झाले, प्रीती म्हणाली, तुझ्या पोरीचे बघणारे जागे झाले. डॉ. उन्मेषांनी स्वतः येऊन गाठ चाचपली आणि कागदावर आकडा मोठ्या अक्षरात लिहिला.

त्यानंतरच्या रविवारी महिला मंडळानं प्रीतीला गोवराच्या लसीबद्दल बोलायला विहारात बोलावलं. ती तयारीनं गेली होती. पण आधी तानाबाई उठल्या आणि म्हणाल्या की आज अध्यक्ष बदला. कारण विचारलं तर त्यांनी सगळं सांगितलं, दवाखान्यात सांगितलं तेवढ्याच आवाजात, काहीही न गाळता. पन्नास-साठ बायका माना खाली घालून बसल्या. ज्यांच्या दारातलं लिंबू तानाबाईंनी फेकून दिलं होतं, त्याही होत्या. आता कोण काय बोलतंय म्हणून प्रीती सरसावून बसली. अध्यक्षपद गेलं तर जाऊ दे, पण ह्या बाईला आज कुणी टोचू नये, एवढंच तिला मनापासून वाटत होतं. गरज पडली तर उठून भांडायची तिची तयारी होती.

तिसऱ्या ओळीतून एक बाई उठली. ती प्रीतीची आई होती.

"मी बी गेलते," आई म्हणाली. प्रीतीकडे बघायचं टाळून ती तानाबाईंकडेच बघत होती. "हिच्या गोवराला. हिच्या बानं इचारलं तवा न्हाय म्हणून सांगितलं. सव्वीस वर्सं झाली, आज पयल्यांदा बोलतीय."

मग तिच्या शेजारची बायडाबाई उठली. तिच्या मागून आणखी एक उठली. प्रीतीनं बोलायला आणलेले कागद मांडीवरच राहिले. डोळे पुसायची सवय नसल्यामुळे तिनं ते पुसले नाहीत. ती उठून बायकांच्या मधून वाट काढत आईजवळ गेली आणि सगळ्यांच्या देखत तिच्या शेजारी जमिनीवर बसली.