पाखरांचा रविवार

आमच्या लुथरन मंडळीत कोणत्या रविवारी शुभवर्तमानातला कोणता पाठ वाचायचा, हे कधीचंच नेमून ठेवलेलं आहे. पाळकाच्या मर्जीला तिथे वाव नाही, आणि पाळकाच्या मुलीच्या मर्जीला तर कुठेच नाही. मी पाळकाची मुलगी. शिवाय ऑर्गन वाजवणारी, वेदीवरची फुलं बदलणारी आणि बाबांचे डोळे.

बाबांना दिसत नाही. अंधूक होत होत आता खिडकीचा उजेड तेवढा उरलाय. हे आम्हा दोघांनाच ठाऊक, असं मी धरून चालले होते. शनिवारी दुपारी मी पाठ मोठ्याने वाचायचा, बाबांनी डोळे मिटून ऐकायचा, आणि रविवारी स्टँडवरच्या उघड्या पुस्तकावर मान झुकवून घडाघडा म्हणायचा. पुस्तकातली रेशमी फीत योग्य पानात घालायचं काम माझं. "या वयात चष्मासुद्धा नाही हो साहेबांना," असं बायका मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या. मी ऑर्गनवर बसून दातओठ खायचे.

दुसऱ्या गावातल्या शाळेत मला संगीतशिक्षिकेची जागा मिळाली होती. सोमवारी होकार कळवला नाही तर ती हातची जाणार होती. भावाने बाबांसाठी त्याच्या घरी खोली रंगवून ठेवली होती. अडलं होतं ते बाबांपाशी. निवृत्तीचा विषय काढला की ते "बघू" म्हणायचे, आणि आमच्या घरात "बघू" म्हणजे विषय संपला.

त्या शनिवारी पाठ होता आकाशातल्या पाखरांचा. ती पेरणी करत नाहीत, कोठारं भरत नाहीत, तरी त्यांचं सगळं भागतं. मी पान उघडलं आणि डोक्यात तिडीक गेली. भागणारच त्यांचं! त्यांना कोणी शनिवारचं पाठ वाचायला बसवत नाही.

मी पान उलटलं आणि पुढच्या रविवारचा पाठ वाचायला घेतला. विधवेच्या एकुलत्या एका मेलेल्या मुलाला लोक खांद्यावरून वेशीबाहेर नेताहेत, तो. बाबांची मान एकदम वर झाली. मग पुन्हा खाली गेली.

"पुढे?" ते म्हणाले.

मी पुढे वाचलं, अगदी स्पष्ट उच्चारात. उद्या हे भलताच पाठ म्हणतील, सगळं उघडं पडेल, आणि मंडळीचा कारभार पाहणारे पंच स्वतःहून म्हणतील, साहेब, आता विश्रांती घ्या. बाबांची चारचौघांत शोभा होईल हे मला कळत होतं. रात्रभर जागी होते, पण मी बाबांना उठवलं नाही.

रविवारी शुभवर्तमानासाठी मंडळी उभी राहिली. आमच्याकडे प्रत्येकाच्या हातात आपापलं बायबल असतं आणि पाळक वाचतो त्या ओळीवर प्रत्येकाचं बोट असतं. सगळी बोटं पाखरांवर होती. बाबांनी पुस्तकावर मान झुकवली आणि विधवेच्या मुलाचा पाठ सुरू केला. आता कोणीतरी खाकरेल, कोणीतरी हसेल, असं वाटत राहिलं.

कोणी खाकरलं नाही. फक्त पानं सळसळली. सगळ्या मंडळीने मुकाट्याने पानं उलटली, विधवेच्या मुलापाशी बोट ठेवलं आणि पाठ संपल्यावर नेहमीसारखं "आमेन" म्हटलं. प्रवचनही बाबांनी त्याच पाठावर दिलं, आणि चांगलं दिलं.

उपासना संपल्यावर सुतारकाका ऑर्गनपाशी आले. ते पंचांचे प्रमुख.

"पोरी, तोंड का पडलंय? पान इकडचं तिकडे होतं कधीतरी."

"काका, बाबांना दिसत नाही."

"बरं मग?" ते हसले. "वेदीच्या कठड्याला ती खाच कशाची वाटली तुला? उंदराने कुरतडलं? मी पाडली. हात लागला की साहेबांना कळतं, पायरी आली. पायरीवरचा गालिचासुद्धा आम्हीच काढला. प्रभुभोजनाला साहेबांचा हात धरून प्याला आम्हीच तोंडाशी घेतो. सगळ्यांना ठाऊक आहे गं. तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही."

"मग त्यांना सोडा ना! मला नोकरी लागलीय, काका. उद्या कळवायचंय."

काकांचा चेहरा खरोखरच गोंधळला. त्या माणसाच्या मनात पाप नव्हतं, तेच वाईट. "अगं, पण मग त्यांना वाचून कोण दाखवणार? नवा पाळक इथे कोण येतोय? तू आहेस म्हणून तर आम्ही निर्धास्त आहोत." माझ्या डोक्यावर हात ठेवून ते खुर्च्या लावायला गेले.

घरी आल्यावर बाबा कोट न काढता तसेच टेबलाशी बसले.

"आजचा पाठ पाखरांचा होता," ते म्हणाले.

मी किटली खाली ठेवली. "तुम्हाला कळलं होतं?"

"जन्म गेला माझा या क्रमात. तू पहिली ओळ वाचलीस तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर चुकीचा कशाला म्हटलात?"

"मला वाटलं, तू सुटशील," बाबा म्हणाले. "मी त्यांना किती वेळा सांगितलं, मला मोकळं करा. ते नुसते हसतात. म्हणतात, साहेब, मुलगी आहे ना तुमची. तुला काय सांगणार होतो? म्हणून बघू म्हणायचो. काल तू भलतंच पान काढलंस, तेव्हा म्हटलं, हे बरं झालं. एवढं चुकल्यावर तरी काढून टाकतील."

मला रडू आलं. बाबांनी चाचपत माझं मनगट धरलं. धरलं ते सोडेनात, आणि मीही सोडवून घेतलं नाही. बाहेर काका चर्चच्या दाराला कुलूप घालत होते, त्याचा आवाज आला.

मग बाबा म्हणाले, "पुढच्या रविवारच्या पाठाचं काय? तो तर आज होऊन गेला."

"मग पाखरांचा घ्या."

"वाच."

मी पुस्तक उघडलं. फीत अजून पाखरांच्याच पानात होती. पाखरांपर्यंत आले आणि माझा आवाज गेला. पुढचं सगळं बाबांनीच म्हटलं.